माहितीपत्रकात नसलेला ससा : सेलामेक्टिनच्या थेंबांचे परीक्षण

सेलामेक्टिनच्या खोक्यातले घडी घातलेले माहितीपत्रक मी पहिल्यांदा उलगडून वाचले, तेव्हा त्यात कुत्रा होता, मांजर होते, दोघांच्या वजनांचे तक्ते होते, पिसवांपासून हृदयातल्या जंतांपर्यंत अनेक परजीवींची नावे होती. ससा मात्र कुठेच नव्हता. मानगुटीवर लावायचे हे थेंब मुळात कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेले आहेत, आणि सशाला ते दिले जातात ते पशुवैद्याच्या निर्णयाने आणि त्याच्या जबाबदारीवर. असे असूनही सशांच्या अंगावर माइट्स, म्हणजे अगदी बारीक परजीवी किडे, झाल्यावर पशुवैद्य ज्या थोड्या औषधांचा विचार करतात, त्यांत याचे नाव हमखास असते. म्हणून हे परीक्षण जरा आडवळणाचे आहे. मांजरासाठी घडवलेली वस्तू सशाला कितपत मानवते, एवढ्याच बाजूने मी तिच्याकडे पाहिले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. औषध आपले काम चोख करते, सशाला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही, आणि हाताळायला ते इंजेक्शनापेक्षा कितीतरी सोपे आहे. पण मात्रा किती, किती दिवसांनी पुन्हा द्यायचे, घरातल्या दुसऱ्या सशाचे काय करायचे आणि मुळात हे किडे का माजले, यांपैकी कशाचेही उत्तर खोक्यावर मिळत नाही. ही उत्तरे मिळवण्याआधीच जो थेंब लावून मोकळा होतो, त्याला महिन्याभराने हेच औषध निरुपयोगी वाटण्याची शक्यता फार आहे.

माझ्याकडे दोन ससे आहेत. भुरी अडीच किलोची, गोट्या दीड किलोचा. भुरीच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि शेपटीच्या अगदी वर, पांढरा जाडसर कोंडा दिसू लागला, तेव्हा ती केस गाळत असावी असे समजून मी पंधरा दिवस फक्त विंचरत बसले. शेवटी कोंड्याखालचे केस झुबक्यांनी हातात आले आणि माझ्या स्वतःच्या हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, खाजणारे लाल पुरळ उठले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सशाला मांडीवर घेणाऱ्याच्या हातांवर आणि पोटावर असे पुरळ येणे ही चेलेटिएला नावाच्या माइटची नेहमीची खूण आहे. माणसाच्या अंगावर या किड्याचे जीवनचक्र पूर्ण होत नाही, त्यामुळे ससा बरा झाला की माणसाची खाजही सहसा आपोआप थांबते. पण ती खाज सुरू असताना हे ज्ञान फारसे सुखावत नाही, हेही नमूद करते.

पशुवैद्यांनी पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा कोंड्यावर दाबून उचलला, काचपट्टीवर चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मलाही पाहायला लावले. तोंडाशी आकड्यांसारख्या नख्या असलेला, मधे किंचित आवळलेला, आठ पायांचा जीव आणि केसाला चिकटलेली त्याची अंडी दोन्ही स्पष्ट दिसली. हा किडा कातडीत शिरत नाही, तिच्या वरच्या थरावर जगतो, आणि त्याच्या हालचालीने कोंड्याचे कण सरकताना दिसतात म्हणून पशुवैद्यकात त्याला ‘चालता कोंडा’ असे काहीसे गमतीदार नाव पडले आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि औषधाइतकीच महत्त्वाची आहे, कारण सशाच्या पाठीवरचा प्रत्येक कोंडा माइट्सचा नसतो. गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग, तैलग्रंथींचा दाह किंवा नुसती केसगळती यांतही कातडी अशीच सुटते, आणि या तिन्हींवर सेलामेक्टिनचा काडीचा उपयोग नाही. याच्या उलट, एका तपासणीत किडा सापडला नाही म्हणून तो नाहीच असेही ठरत नाही; लक्षणे जुळत असतील तर पुष्कळ पशुवैद्य औषध देऊन पाहतात.

आता मात्रेकडे वळते, कारण या उत्पादनाची खरी परीक्षा इथेच आहे. मांजरांसाठीचे द्रावण ६ टक्क्यांचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ६० मिलिग्रॅम औषध. मांजराच्या पिल्लांसाठीच्या लहान पिपेटमध्ये, म्हणजे औषध भरलेल्या छोट्या नळीत, ०.२५ मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिग्रॅम, आणि मोठ्या मांजरासाठीच्या पिपेटमध्ये ०.७५ मिलिलिटर, म्हणजे ४५ मिलिग्रॅम असते. सशांना साधारणपणे दर किलो वजनामागे ६ ते १८ मिलिग्रॅम या पट्ट्यात हे औषध दिले जाते. अडीच किलोच्या भुरीला लहान पिपेट लावली तर बरोबर ६ मिलिग्रॅमचा हिशेब लागतो आणि मोठी लावली तर १८ मिलिग्रॅमचा, म्हणजे नेमकी पट्ट्याची दोन टोके. तीच मोठी पिपेट दीड किलोच्या गोट्यावर रिकामी केली तर हिशेब ३० मिलिग्रॅमवर जातो. आमच्या पशुवैद्यांनी भुरीसाठी दर किलो १२ मिलिग्रॅम ठरवले आणि त्यासाठी दोन लहान पिपेट वापरायला सांगितल्या. गोट्याला एक लहान पिपेट पुरली. अर्धी पिपेट लावून अर्धी जपून ठेवण्याचा खटाटोप त्यामुळे वाचला. आडमाप आकाराच्या पिपेटमधून निम्मे थेंब मोजून काढणे सांगायला सोपे असले, तरी वळवळणाऱ्या सशासमोर ते जमत नाही.

कुत्र्यांसाठीचे द्रावण मात्र १२ टक्क्यांचे असते. दिसायला तेवढीच पिपेट आणि तेवढाच थेंब, पण औषध दुप्पट. घरात कुत्रा असलेल्यांकडून ही चूक सहज होऊ शकते आणि उत्पादकांनी पिपेटवरच टक्केवारी ठळक छापावी, असे मला फार वाटते. सध्या ती वाचायला मला चष्मा लावूनही उजेडाकडे जावे लागले. शिवाय वजन अंदाजे धरू नये. केसाळ ससा दिसतो त्यापेक्षा बराच हलका असतो. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून दोघांना मोजले, तेव्हा गोट्याचे वजन माझ्या अंदाजापेक्षा जवळजवळ पाव किलोने कमी निघाले.

थेंब लावण्याची क्रिया मात्र खरोखर सुखाची आहे आणि इथे या उत्पादनाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. मानगुटीवरचे केस दोन बोटांनी बाजूला करायचे, कातडी दिसली की पिपेटचे टोक तिला टेकवायचे आणि हळूहळू दाबायचे. औषध केसांवर नव्हे तर कातडीवर पडले पाहिजे. अर्ध्या मिनिटात काम झाले आणि भुरीने फक्त एकदा पाय आपटला. द्रावणात अल्कोहोल असल्यामुळे तीव्र वास येतो, त्या जागचे केस दिवसभर तेलकट, टोकदार होऊन उभे राहतात आणि ओले असताना ते ज्वालाग्राही असते, एवढ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की झाले. जागा मात्र मानेवर, कवटीच्या अगदी जवळ निवडावी. ससा स्वतःच्या तोंडाने तिथे पोचत नाही.

दुसरा ससा मात्र पोचतो, आणि माहितीपत्रकात ससा नसल्याचा तोटा जाणवतो तो इथे. जोडीने राहणारे ससे तासन्‌तास एकमेकांची डोकी आणि मानगुटी चाटत असतात, म्हणजे औषध जिथे लावायचे नेमक्या त्याच जागी. थेंब पूर्ण वाळेपर्यंत, काही तास, दोघांना वेगळे ठेवणे भाग असते. मात्र त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊ नये. एकमेकांचा वास तुटला की काही जोड्या परत भेटल्यावर भांडतात. आम्ही मध्ये जाळीचे कुंपण घातले, दोघे नाकाला नाक लावून बसले आणि संध्याकाळी ते कुंपण काढले.

परिणाम कसा दिसला, ते आता क्रमाने सांगते. पहिले चार-पाच दिवस काहीच बदल दिसला नाही, उलट कोंडा जास्तच सुटला आणि मी निराश झाले. साधारण दहाव्या दिवशी भुरीचे पाठ थरथरवणे आणि मागच्या पायाने हवेत खाजवणे बंद झाले. चौदाव्या दिवशी दुसरा थेंब लावला, अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या थेंबाच्या मध्ये पाठीवर मऊ, आखूड, नवे केस उगवलेले बोटांना जाणवले. माझ्या हातांवरचे पुरळ तोवर गेले होते. सहाव्या आठवड्यात पुन्हा चिकटपट्टीने तपासणी केली, तीत किडा नव्हता आणि अंडीही नव्हती. गोट्याच्या अंगावर एकही लक्षण नसताना त्यालाही तिन्ही वेळा औषध दिले होते, आणि ते योग्यच झाले; एकत्र राहणाऱ्या सशांपैकी एकावरच उपचार करणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर किड्यांची सोय करून ठेवणे.

तीन वेळा का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला, कारण खोक्यावर महिन्यातून एकदा असे लिहिलेले असते. त्याची दोन कारणे आहेत. हे औषध किड्याच्या चेतापेशींत क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे तो लुळा पडून मरतो; पण अंड्यांवर त्याचा भरवशाचा परिणाम होत नाही. चेलेटिएलाचे जीवनचक्र साधारण तीन ते पाच आठवड्यांचे असते, म्हणजे पहिल्या थेंबाच्या वेळी अंड्यात असलेले किडे बाहेर येऊन नवी अंडी घालण्याआधी त्यांना गाठावे लागते. दुसरे कारण सशाच्या शरीरात आहे. कुत्र्या-मांजरांच्या रक्तात हे औषध दीर्घकाळ टिकते, सशाच्या शरीरातून ते बरेच लवकर बाहेर पडते. म्हणजे महिन्याचा तो हिशेब मांजराच्या शरीरावर बेतलेला आहे आणि सशाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. नेमके किती दिवसांनी आणि किती वेळा, हे पशुवैद्याने ठरवायचे. आमचे वेळापत्रक आमच्या सशांचे होते.

जागेची स्वच्छता हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. चेलेटिएलाची मादी सशाच्या अंगाबाहेर सुमारे दहा दिवस जिवंत राहू शकते. म्हणून प्रत्येक थेंबाच्या दिवशी अंथरलेले गवत आणि कागद पूर्ण बदलले, कापडी गाद्या कडक गरम पाण्यात धुतल्या, फणी उकळत्या पाण्यातून काढली आणि फटी व्हॅक्यूमने साफ केल्या. घरात कीटकनाशकाचा फवारा मारण्याचा मोह मात्र आवरला, कारण ससा जमिनीवरचे सगळे चाटतो.

पर्यायांबद्दल लिहिल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. सेलामेक्टिनचा थोरला भाऊ म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून या औषधकुळाचा उगम झाला आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आयव्हरमेक्टिन सशांवर उत्तम चालते आणि पशुवैद्याच्या हातून कातडीखाली दिले जाते तेव्हा त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. धोका आहे तो घरी देण्यात. गुरांसाठीच्या १ टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम औषध असते, तर सशाची मात्रा दर किलो ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम एवढी सूक्ष्म आहे. दोन किलोच्या सशाला ०.०४ ते ०.०८ मिलिलिटर द्रावण लागते. एवढे मोजताना सिरिंजवर हात जरासा चुकला तरी मात्रेत मोठा फरक पडतो. सेलामेक्टिनच्या आधी मोजून भरलेल्या पिपेटचे महत्त्व मला या गणितामुळे पटले. सार्कोप्टिस या कातडी पोखरणाऱ्या किड्यामुळे नाक, ओठ आणि पंजांच्या कडांवर राखाडी खपल्या धरतात, ती खरी खरूज. तिच्यात ससा झपाट्याने खंगतो, त्यामुळे तिथे कोणते औषध निवडायचे याचा विचार मी तरी पूर्णपणे पशुवैद्यावर सोडीन.

अंघोळ आणि औषधी पाण्यात बुडवणे हे जुने उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. भिजलेला ससा गारठतो, घाबरून त्याचे पोट बंद पडू शकते आणि बारा तास न खाणारा ससा ही स्वतंत्र तातडीची अवस्था असते. तेल चोळण्यानेही केस चिकटतात, ससा ते चाटून पोटात घेतो आणि किडे जागच्या जागी राहतात.

फिप्रोनिलबद्दल मात्र ठासून सांगायला हवे. भुरीला पहिल्यांदा कोंडा झाला, तेव्हा एका विक्रेत्याने ‘पिसवांचे आहे, सगळ्या प्राण्यांना चालते’ असे म्हणत फिप्रोनिलचा फवारा माझ्यापुढे ठेवला होता. मी बाटली उलटी करून वाचली म्हणून बचावले, कारण सशांवर वापरू नये असे तिच्यावरच छापलेले होते. या औषधाने सशांना झटके येतात आणि ते दगावतातही. फिप्रोनिल मानगुटीवरच्या थेंबांच्या रूपातही मिळते. पिपेटचा आकार सारखा, लावण्याची जागा सारखी, खोक्यावरचे मांजरही सारखेच; पण एक औषध सशाला मानवते आणि दुसरे त्याचा जीव घेते. म्हणून विकत घेताना खोक्यावरचे चित्र पाहू नये, घटकाचे नाव अक्षर अन् अक्षर वाचावे. इमिडाक्लोप्रिड सशांना पिसवांसाठी दिले जाते, पण एकट्या इमिडाक्लोप्रिडने माइट्स जात नाहीत, त्यामुळे तेही या कामाचे नाही.

कानातल्या माइट्सचा अनुभव माझा स्वतःचा नाही, मैत्रिणीच्या सशाचा आहे, पण तो इथे नोंदवण्याजोगा आहे. सोरोप्टिस नावाच्या किड्याने त्याच्या कानांत तपकिरी, पापुद्र्यांच्या थरांसारख्या खपल्या भरल्या होत्या आणि तो डोके एका बाजूला झुकवून बसत असे. त्या खपल्या काढायला तिचे हात शिवशिवत होते. पशुवैद्यांनी तिला थांबवले, कारण खपलीखालची कातडी सोललेली असते आणि ती ओढून काढणे सशाला असह्य दुखते. हेच सेलामेक्टिनचे थेंब, कानात नव्हे तर मानगुटीवरच, लावले आणि दोन आठवड्यांच्या आत खपल्या आपोआप गळून पडल्या. कानात काहीही न घालता कान बरा होणे तिला अविश्वसनीय वाटले. औषध कातडीतून रक्तात जाते हे समजल्यावर त्यातले नवल संपले. सोबत वेदनाशामक औषध मात्र द्यावे लागले होते, आणि ते विसरू नये.

उणिवांमध्ये सर्वांत मोठी उणीव मी आधीच सांगितली आहे. दुसरी अशी, की गाभण मादी, दूध पिणारी पिल्ले आणि अशक्त, आजारी ससे यांच्यासाठी खोक्यावर एक अक्षरही नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे थेंब आपल्या मनाने अजिबात लावू नयेत. तिसरी उणीव औषधाची नाही, पण त्याच्या यशामुळेच ती झाकली जाते. बऱ्याच सशांच्या अंगावर थोडे माइट्स कायमच असतात आणि निरोगी ससा रोज स्वतःला चाटून-विंचरून त्यांना आटोक्यात ठेवतो. ते माजतात तेव्हा ससा स्वतःची निगा राखू शकत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. एक तर तो लठ्ठ झालेला असतो, किंवा त्याचा पाठीचा कणा संधिवाताने आखडलेला असतो, किंवा दात दुखत असतात. खांद्यांमधली आणि शेपटीवरची जागा हीच मुळी वाकून पोचायला सर्वांत अवघड जागा आहे, आणि कोंडा नेमका तिथे धरतो.

भुरीच्या बाबतीत हे आम्हाला उशिरा कळले. तिसऱ्या थेंबानंतर तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पांढरे कण दिसले. मी पिपेट घेऊन तयारच होते, पण पशुवैद्यांनी आधी तिचे तोंड तपासले. मागच्या दाढांना आतल्या बाजूने टोके फुटली होती आणि ती जिभेला लागत होती. चाटणेच दुखत असल्यामुळे तिने अंग चाटणे सोडले होते आणि ती जी काही नीटनेटकी दिसत होती, ती गोट्याच्या मेहनतीने. भूल देऊन दाढा घासल्या, त्याच दिवशी थेंबही लावला. दोन दिवसांनी ती जाळीजवळ बसून मागे वळली आणि जीभ शेपटीपर्यंत पोचवून बराच वेळ पाठ साफ करत राहिली. दुसऱ्या फेरीतले उरलेले दोन थेंब ठरल्या दिवशी लावले; त्यानंतर आठ महिने झाले, खोक्यातली शेवटची पिपेट न उघडता तशीच पडून आहे आणि तिची मुदत पुढच्या महिन्यात संपते.